‘प्रोग्रेशन’ म्हणजे प्रगती नव्हे! : कर्करोगाचे स्कॅन समजून घेताना

- खास प्रतिनिधी

कर्करोगावर उपचार सुरू असलेल्या घरात सर्वाधिक वेळा उघडली जाणारी आणि सर्वात कमी कळणारी वस्तू म्हणजे स्कॅनचा लिफाफा. त्यात काळ्या-पांढऱ्या फिल्म असतात, एक सीडी असते आणि इंग्रजीत छापलेली दोन-तीन पाने असतात. पुण्यात राहणाऱ्या रुग्णाला निदान डॉक्टरांकडे पुन्हा जाणे सोपे असते. भोर किंवा वेल्हे तालुक्यातील रुग्ण हा लिफाफा घेऊन गावी परततो, तेव्हा तो समजावून सांगू शकणारे तज्ज्ञ पन्नास-साठ किलोमीटर मागे राहिलेले असतात आणि पुढची भेट आठवड्यानंतरची असते. मधल्या दिवसांत तो अहवाल गावातील औषधविक्रेत्याला, शाळेतील गुरुजींना, महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्याला दाखवला जातो. ही सर्व मंडळी सद्हेतूने शब्दांचा शब्दकोशातील अर्थ सांगतात, आणि नेमका तेथेच घात होतो.

‘प्रोग्रेशन’ हा शब्द घ्या. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘प्रोग्रेस’ वाचत मोठ्या झालेल्या माणसाला ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ हे शब्द दिलासा देणारे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. पण येथे प्रगती होते आहे ती रोगाची. याउलट, ‘स्टेबल डिसीज’ वाचून कुटुंब हिरमुसते. एवढ्या केमोथेरपीनंतरही रोग आहे तेथेच, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात पसरलेल्या कर्करोगात रोग जागच्या जागी थोपवून धरणे हे उपचारांचे यश मानले जाते. ‘निगेटिव्ह’ ही चांगली बातमी, ‘पॉझिटिव्ह’ ही वाईट. आणि ‘अनरिमार्केबल’ या किंचित अपमानास्पद वाटणाऱ्या शब्दाचा अर्थ इतकाच, की त्या अवयवात सांगण्यासारखे वावगे काही आढळले नाही. अहवालभर हा शब्द जितक्या वेळा येईल तितके बरे.

छायाचित्र नव्हे, मोजमाप

स्कॅन म्हणजे शरीराच्या आतला फोटो, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रत्येक यंत्र शरीरातील वेगवेगळी गोष्ट मोजते आणि त्या मोजमापाचे चित्र करून दाखवते. सीटी स्कॅन क्ष-किरण किती अडवले गेले ते मोजतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या ब्रिटिश अभियंत्याच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्यासाठी त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीतील करड्या रंगाच्या छटा त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, आणि हाडाला शेकड्यांत अधिक. अहवालात ‘हायपोडेन्स लीजन’ असे लिहिलेले असते, तेव्हा शेजारच्या भागापेक्षा हा डाग कमी घनतेचा दिसतो, एवढेच त्यातून कळते. यकृतातील असा डाग साधी पाण्याची पुटकुळीही असू शकतो. ‘लीजन’ म्हणजे कर्करोग नव्हे. वेगळा दिसणारा भाग, एवढाच त्याचा अर्थ.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजनकडून मिळणारे संकेत तेथे टिपले जातात. मेंदू, पाठीचा कणा, गर्भाशयमुख, जीभ अशा मऊ भागांतील बारकावे त्यात उत्तम दिसतात. या तपासणीपूर्वी अंगावरील धातू उतरवावा लागतो, आणि आपल्याकडे याचा अर्थ मंगळसूत्र व जोडवी काढणे असा होतो. अनेक स्त्रियांना, विशेषतः आजारपणात, ही गोष्ट मनाला लागते. आदल्या दिवशी घरीच हे सांगून ठेवले तर यंत्राच्या दारात होणारी रडारड टळते. हृदयाला पेसमेकर असेल, शरीरात जुनी पट्टी वा क्लिप असेल, तर ते नाव नोंदवतानाच सांगितले पाहिजे.

सोनोग्राफी व साधा एक्स-रे तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतात. मात्र, पेट स्कॅनसाठी पुणे किंवा मुंबई गाठावीच लागते. या तपासणीत रुग्णाने काय करावे आणि काय टाळावे यावर निष्कर्ष इतका अवलंबून असतो, की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

एकशे दहा मिनिटांचे गणित

कर्करोगाच्या पेशी साखर जास्त खातात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. पेट स्कॅन याच भुकेचा माग काढतो. साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तयार केलेले एफडीजी नावाचे द्रव्य शिरेतून टोचले जाते आणि साधारण तासाभराने ते कोठे साठले आहे ते यंत्र पाहते. मुंबईत परळ येथे १९६३ पासून कार्यरत असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले, आणि २००४ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातील पहिले पेट-सीटी यंत्र आले. आता पुण्यातही ही सोय आहे.

या फ्लोरिनचे अर्धे आयुष्य सुमारे ११० मिनिटांचे असते. सकाळी सात वाजता दहा भाग असलेले औषध आठ-पन्नासला पाच भाग उरते, दहा-चाळीसला अडीच. त्यामुळे ते कपाटात ठेवता येत नाही. त्या दिवशीच्या रुग्णांच्या वेळा धरून ते तयार होते व केंद्रावर पोहोचते. शहरातील रुग्ण वाहतूककोंडीत अर्धा तास अडकला तर बहुधा निभावते. पण केळदसारख्या गावातून निघालेल्या माणसाची पहाटेची एसटी चुकली, किंवा विंझर-मार्गासनीमार्गे नसरापूरला येऊन पुढे महामार्गावर त्याला गाडी मिळाली नाही, तर त्याच्या नावाचे औषध त्याची वाट पाहत थांबणार नाही. हिर्डस मावळातून भोर, तेथून कापूरहोळ आणि पुढे पुणे असा प्रवास करणाऱ्याचेही तेच. तेव्हा नाव नोंदवतानाच आपण कोठून येणार आहोत हे स्पष्ट सांगून उशिराची वेळ मागावी. तशी मिळणार नसेल तर आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करणे श्रेयस्कर. पावसाळ्यात तर मुक्कामच बरा.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची, आणि शहरात छापलेल्या सूचनापत्रकात ती जेमतेम एका ओळीत असते. स्कॅनपूर्वी चोवीस तास कष्टाचे काम करू नये. शहरी रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ व्यायामशाळेत न जाणे. भोर-वेल्ह्यात याचा अर्थ वेगळा होतो. जुलै महिन्यात आवणात वाकून भातलावणी करणारी स्त्री दुसऱ्या दिवशी यंत्रावर झोपली, तर श्रमलेल्या पाठीचे व मांड्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात आणि चित्रात उजळून निघतात. खऱ्या गाठीच्या वाट्याला मग औषध कमी येते. डोंगरावरील वस्तीतून तासभर उतरून एसटी गाठणाऱ्यालाही हेच लागू आहे. ‘काम करू नका’ असे सांगितल्यावर ‘मी कुठे काम करते, नुसती लावणीला जाते’ असे उत्तर येऊ शकते, हे सूचना देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यायला हवे. थंडीनेही गोंधळ होतो. अंग गारठले की मानेजवळची व खांद्यांवरची एक विशिष्ट प्रकारची चरबी उष्णता निर्माण करण्यासाठी साखर जाळू लागते आणि ती गाठींसारखी चमकू शकते. म्हणून भिजत प्रवास झाला असल्यास कोरडे कपडे व शाल सोबत असावी. इंजेक्शननंतरच्या तासात गप्पा मारणे किंवा काही चघळत बसणेही टाळावे. घशाचे व जबड्याचे स्नायूही त्या साखरेचे गिऱ्हाईक असतात.

उपाशीपोटी म्हणजे किमान चार ते सहा तास साध्या पाण्याखेरीज काहीही नाही. पहाटे निघताना घेतलेला घोटभर चहा, साखर न घालता घेतला तरी, चालत नाही. मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखर २०० च्या वर असल्यास अनेक केंद्रे तपासणी पुढे ढकलतात. इन्शुलिन केव्हा घ्यायचे हे डॉक्टरांना आधी विचारावे. इंजेक्शनच्या तोंडावर घेतलेले इन्शुलिन साखरेला थेट स्नायूंत लोटते आणि सगळे चित्रच बिघडते.

चमकते ते सगळे कर्करोग नसते

पेट स्कॅनचे रंगीत चित्र हाती पडल्यावर कुटुंबाची पहिली नजर डोक्याकडे जाते. तेथे लखलखाट असतो. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, त्यामुळे तो प्रत्येकाचा उजळलेला दिसतो. मूत्रपिंडे आणि मूत्राशयही उजळतात, कारण ते द्रव्य लघवीवाटे बाहेर पडत असते. हृदयाचे कमी-अधिक होते. हे माहीत नसल्याने ‘रोग डोक्यात गेला’ असा समज करून घेऊन रात्र जागून काढणारी घरे असतात.

आपल्या देशात आणखी एक मोठी अडचण आहे. क्षयरोगाच्या गाठी पेट स्कॅनमध्ये थेट कर्करोगासारख्या उजळतात. छातीच्या मध्यभागातील ग्रंथी, फुप्फुसाच्या टोकाचा डाग, मणक्याला झालेली इजा यांपैकी काहीही क्षयाचे असू शकते, आणि कर्करोग असलेल्या रुग्णालाच क्षयही झालेला असू शकतो. म्हणून नवीन जागी डाग दिसताच पसरलेल्या रोगाचे उपचार सुरू न करता तज्ज्ञ सुईने त्या भागाचा नमुना घेऊन तपासण्याचा आग्रह धरतात. ‘आता पुन्हा तुकडा कशाला काढायचा’ अशी नातेवाइकांची तक्रार असते. स्कॅन संशय व्यक्त करतो, निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली होतो, हे एकदा लक्षात घेतले की ती तक्रार राहत नाही.

अहवालात ‘एसयूव्ही’ या अक्षरांपुढे एक आकडा असतो. त्या जागी साखर सरासरीच्या किती पट साठली याचे ते माप. हा आकडा ६.२ वरून ५.८ झाला म्हणून पेढे वाटू नयेत आणि ५.८ वरून ६.२ झाला म्हणून धीरही सोडू नये. यंत्र, इंजेक्शननंतरचा वेळ, त्या दिवशीची रक्तशर्करा यांनी एवढा फरक सहज पडतो. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच केंद्रात तपासणी करावी, असे डॉक्टर सांगतात त्यामागे हेच कारण आहे.

मिलिमीटरची भाषा

उपचारांचा परिणाम ठरवण्यासाठी सीटीवर गाठींची मापे घेतात. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष २००० साली तयार झाले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. ‘रेसिस्ट’ या नावाने ते अहवालात आढळतात. जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवातील दोनपेक्षा अधिक नाहीत, अशा निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज करायची. समजा एक गाठ ४० मिलिमीटरची व दुसरी ३० ची, म्हणजे बेरीज ७०. ती ४९ किंवा त्याखाली आली, म्हणजे ३० टक्क्यांनी घटली, तर ‘पार्शल रिस्पॉन्स’. ७० ची ६० झाली तर निकषांनुसार ती ‘स्टेबल’च. तीस टक्के हा आकडा ऐकायला तुटपुंजा वाटतो. परंतु गोल गाठीचा व्यास तीस टक्क्यांनी घटला की तिचे आकारमान जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटलेले असते. रोग वाढला असे म्हणण्यासाठी आतापर्यंतच्या सर्वात लहान बेरजेपेक्षा किमान २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढ व्हावी लागते, अथवा निःसंशय नवी गाठ दिसावी लागते. १४ ची गाठ १५ झाली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मोजणाऱ्याचा हातही तेवढा हलतो. लसिकाग्रंथींची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असेल तर त्या सहसा सामान्य धरल्या जातात. ‘सबसेंटिमीटर नोड्स’ हे शब्द म्हणूनच बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात.

तथापि, आकार हे सर्वस्व नव्हे. लिम्फोमात उपचारांनंतर मोठी गाठ उरलेली दिसते, पण तिच्यात केवळ वळासारखा निर्जीव ऊतक असू शकतो. तेथे फ्रान्समधील दोव्हील गावी २००९ मध्ये झालेल्या बैठकीतून पुढे आलेली पाच गुणांची श्रेणी वापरतात. १ ते ३ गुण बहुधा चांगले, ४ व ५ चिंतेचे. येथे जास्त गुण म्हणजे नापास, हे विद्यार्थ्यांच्या घरी आवर्जून सांगायला हवे! स्तनाच्या तपासणीत ‘बायरॅड्स’ श्रेणी असते. तीत शून्य म्हणजे निर्दोष नव्हे, तर तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत.

काही वेळा तर बरे होणेच बिघडल्यासारखे दिसते. हाडात पसरलेल्या रोगावर संप्रेरक उपचार लागू पडले की भरून येणारी हाडे सुरुवातीच्या काही महिन्यांत बोन स्कॅनवर अधिक ठळक होतात. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन नुकतेच झाले असेल तर पेट स्कॅनमध्ये सगळ्या हाडांतील मगज उजळतो. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या नव्या औषधांत गाठ आधी फुगून मग आटल्याची उदाहरणे आहेत. ती थोड्या रुग्णांतच दिसतात, पण त्यामुळे अशा वेळी चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा खात्री करण्याची पद्धत पडली आहे.

याच कारणास्तव तपासणीची घाई नडते. तोंडाचा व घशाचा कर्करोग आपल्याकडे तंबाखूमुळे फार. त्यावर किरणोपचार, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘लाइट देणे’ म्हणतात ते, संपल्यावर आतील भाग कित्येक आठवडे सुजलेला, भाजल्यासारखा राहतो आणि पेट स्कॅनमध्ये चमकतो. म्हणून साधारण १२ आठवडे थांबून तपासणी करतात. ‘तीन महिने नुसते बसवून ठेवले’ असा राग धरून दुसऱ्या केंद्रात स्वखर्चाने स्कॅन करून घेणारे कुटुंब पैसे तर घालवतेच, वर नको ती भीती विकत घेते.

किरणांच्या भीतीविषयी थोडक्यात. पोटाच्या एका सीटीतून मिळणारी किरणमात्रा साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, तर जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. कर्करुग्णाच्या बाबतीत उपचारांची दिशा ठरवण्याचा लाभ या जोखमीपेक्षा बहुधा पुष्कळ मोठा असतो. पेट स्कॅनच्या दिवशी काही तास गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांच्यापासून दूर राहावे, भरपूर पाणी प्यावे. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन द्यायचे असेल तर आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करतात; पूर्वी अशा इंजेक्शनचा त्रास झाला असेल तर तो लपवू नये.

धडधाकट नातेवाइकांनीही ‘एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन’ करून घ्यावा का, हा प्रश्न शहरात हल्ली वारंवार विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असेच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ज्या तपासणीने जीव वाचल्याचा सबळ पुरावा आहे, तिला यंत्राचे बोगदे लागत नाहीत. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटल्याचे दिसले.

अहवाल कोणाचा?

अहवालाच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ हा भाग असतो. घाईत वाचायचे असेल तर तेवढाच वाचावा. त्यात ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘लाइकली’, ‘इन्डिटर्मिनेट’ अशी शंकेची उतरंड असते. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचवले आहे, याचा अर्थ रेडिऑलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून पाहावे. ते टाळाटाळीचे वाक्य नव्हे. रेडिऑलॉजिस्टला आधीचा स्कॅन दिलाच नाही, तर त्याला ‘आहे’ एवढेच लिहिता येते. ‘वाढले’ की ‘घटले’ हे लिहिता येत नाही.

लिफाफा रुग्णाच्या हाती पडू न देण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलगा तो फाट्यावरच फोडतो, आईला ‘सगळं चांगलं आहे’ म्हणून सांगतो. त्यामागील माया नाकारता येत नाही. पण त्या आईलाच पुढच्या तपासणीपूर्वी उपाशी राहायचे असते, लावणी सोडायची असते, सुईची तपासणी करून घ्यायची असते. काय शोधले जात आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाकडून हे सारे नीट होईल, ही अपेक्षा प्रस्तुत प्रतिनिधीला तरी अवाजवी वाटते. निदान ‘तुला किती जाणून घ्यायचे आहे’ एवढे तिला विचारता येते.

खर्चाच्या बाबतीत, राज्याची जीवनदायी योजना पुणे जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते, आणि २०२३ च्या शासननिर्णयानुसार प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत आहे. उपचारांच्या पॅकेजमध्ये कोणता स्कॅन धरला आहे आणि कोणता स्वतंत्र भरावा लागेल, हे पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. रसीद नेहमी घ्यावी. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिल्याने जुन्या व नव्या कागदांवर तालुक्याचे नाव वेगवेगळे असू शकते; नाव, वय व पत्ता सर्व कागदांवर जुळतो ना, हे आधीच पाहून घेतलेले बरे.

राहता राहिला फिल्मचा सांभाळ. गावाकडे महत्त्वाची कागदपत्रे चुलीवरच्या माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवतात. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने छापल्या जातात आणि उष्णतेनेच काळवंडतात. उलट मावळच्या पावसाळ्यात त्या ओलाव्याने एकमेकींना चिकटतात, सोडवताना चित्र ओरखडते. त्या सपाट, कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये ठेवाव्यात, गुंडाळी करू नये. खरा ऐवज मात्र सीडी होय, कारण डॉक्टरांना गाठ पुन्हा मोजता येते ती त्यावरूनच. तिच्या दोन प्रती मागून घ्याव्यात, पाकिटावर तारीख व तपासणीचे नाव मराठीत लिहावे, आणि पुण्याला निघताना केवळ शेवटची नव्हे, तर पहिल्या स्कॅनपासूनच्या सर्व सीडी पिशवीत घालाव्यात.